पूजा कुठवर पोचली

माझी नात परदेशात यंत्रशाळेत शिकते. मध्यंतरी तिने फोनवर एक छोटा व्हिडिओ पाठवला. तोंडावर काळा मुखवटा, हातात वेल्डिंगची गन, आणि पाठोपाठ तक्रार, की तार मध्येच थांबते, शिक्षक म्हणतात लायनर बदल, पण लायनर म्हणजे काय हे तुला कसं माहीत असणार, आजी. तिच्या हिशेबात आजी म्हणजे लोणचं, श्लोक आणि इंग्रजी व्याकरण. तिला आणि तिच्या धाकट्या भावाला हे ठाऊक नाही, की त्यांच्या आजीने बीड जिल्ह्यातल्या एका लोहकाम सहकारी संस्थेत व्यवस्थापक म्हणून आयुष्यातली चांगली वर्षं घालवली, आणि असाच एक लायनर स्वतःच्या हाताने, चहा पिणाऱ्या अख्ख्या संचालक मंडळासमोर बदलला. त्या दोघांसाठी लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं तर मला आवडेल, पण बाकीच्यांना सहकार म्हणजे काय हे समजावून सांगायची गरज नसते. या दोघांना आहे.

तर मुलांनो, सहकारी संस्था म्हणजे जी सगळ्यांच्या मालकीची असते. सगळ्यांची असल्यामुळे ती कुणाचीच नसते, आणि कुणाचीच नसल्यामुळे ती अध्यक्षांची असते. आमची संस्था मांजरसुंब्याच्या फाट्यापासून थोडी आत, माळावर होती. पत्र्याची लांबलचक शेड, पुढे एक कडुनिंब, आणि कोपऱ्यात माझी खोली. कुळव, नांगर, दारं-खिडक्या, बैलगाड्यांच्या धावा असलं काम चाले. मग एका सरकारी योजनेतून संस्थेला तारेचं वेल्डिंग यंत्र मिळालं. त्याच्यासोबत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. मंडळाने ठरवलं की इंग्रजी वाचता येणारा माणूस नेमावा. माणूस मिळाला नाही, म्हणून मला नेमलं. तुमचे आजोबा तिथल्या हायस्कुलात गणित शिकवत होते आणि मी इंग्रजी घेऊन पदवीधर झाले होते. शेक्सपिअर शिकलेल्या बाईला यंत्राचं पुस्तक येणारच, असं अध्यक्षांचं मत पडलं.

अध्यक्षांना सगळे आबासाहेब म्हणत. पांढरे कपडे, पांढऱ्या मिशा, आणि आटलेल्या तालुक्यात न आटलेली विहीर, एवढ्या भांडवलावर ते तीनदा निवडून आले होते. माणूस वाईट नव्हता. फक्त त्यांना कोणत्याही गोष्टीचा निर्णय कळण्याआधी घ्यायची सवय होती.

मी मात्र व्यवस्थेची माणूस. रुजू झाल्याबरोबर शेडच्या भिंतीवर प्रत्येक पाना, पक्कड, हातोडा टांगायला खिळे ठोकून घेतले, आणि प्रत्येक हत्याराचा आकार खाली काळ्या रंगाने रंगवून घेतला, म्हणजे काय जागेवर नाही ते लांबूनच दिसावं. दिसायचं. संचालक येताजाता घरच्या कामाला एकेक पाना घेऊन जात. पाने त्यांच्या घरी आणि सावल्या संस्थेत, असा तो कारभार होता. माझ्या खोलीतल्या लोखंडी कपाटाची किल्ली मी कमरेला लावायला सुरुवात केली ती तेव्हापासून, आणि सुटे भाग त्या कपाटात गेले ते कायमचे.

आता यंत्राबद्दल. साधं वेल्डिंग सळईने होतं. सळई जळते, संपते, दुसरी लावायची. तारेच्या यंत्रात मात्र मोठ्या रिळावर बारीक, तांब्याचा मुलामा दिलेली तार गुंडाळलेली असते. दोन छोटी चाकं ती तार पुढे ढकलतात. तिथून एक लांब रबरी केबल निघते आणि तिच्या टोकाला गन. खटका दाबला की तार गनमधून बाहेर येते, लोखंडाला टेकते, वितळते, आणि सोबत येणारा गॅस त्या वितळलेल्या रसाला वारा लागू देत नाही. आबासाहेब गनला बंदूक म्हणायचे आणि उद्घाटनाच्या फोटोत त्यांनी ती खांद्याला लावली होती.

त्या रबरी केबलच्या पोटात तार मोकळी धावत नाही. बॉलपेनमध्ये असते तशी स्प्रिंग, पण खाटेपेक्षा लांब, केबलच्या आत या टोकापासून त्या टोकापर्यंत घातलेली असते. तार त्या स्प्रिंगच्या पोटातून सरकते. तिलाच लायनर म्हणतात; आम्ही नळी म्हणायचो. ती बाहेरून दिसत नाही, म्हणून तिचा विचार कुणी करत नाही. ती झिजली, वाकली किंवा आत घाण साचली, की तार अडखळते. अडखळली की गनच्या टोकाला वितळून चिकटते, मागची चाकं मात्र ढकलत राहतात, आणि यंत्राच्या पोटात तारेच्या जटा तयार होतात. पुस्तकात हे सगळं लिहिलेलं होतं. पण पुस्तक मी एका बैठकीत वाचलं नव्हतं; जसं अडेल तसं वाचायचे.

यंत्रावर काम करायचा सोपान. तो मूळचा शिरूर कासारकडचा. त्याचे आईवडील, भाऊ, भावजया सगळे दर वर्षी ऊस तोडायला जाणारे. तोही जायचा. ऊसतोडीत नवराबायकोची जोडी धरतात. एकटा माणूस मुकादमाला चालत नाही. सोपानने लग्नानंतर काही वर्षं बायकोसोबत कोयता चालवला, मग एका साखर कारखान्याच्या आवारात बसून बसून सळईचं वेल्डिंग शिकला, आणि आमच्याकडे लागला. शेडच्या मागे ऊसतोड करणाऱ्यांची वस्ती होती, तिथे भावांच्या शेजारी त्याची एक खोली. बायको गोदा. दिवाळीच्या आगेमागे सगळी वस्ती ट्रकमध्ये बसून कारखान्याला जायची आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यायची. फक्त सोपान आणि गोदा राहायचे. ही नोकरी म्हणजे त्या दोघांच्या दृष्टीने पगार कमी आणि एका जागी राहणं जास्त होतं. हे नीट लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे.

त्या साली पाऊस पडला नाही. म्हणजे आषाढात जमीन ओली करण्यापुरता आला, आणि पुढे ढगच काय ते येत-जात राहिले. दसऱ्याच्या आधीच गावोगावचे आड तळाला गेले. टँकरची मागणी वाढली आणि पाण्याच्या टाक्या बनवायचं मोठं काम आमच्या संस्थेला मिळालं. आबासाहेब म्हणाले, "बाई, दुष्काळ वाईट असतोय, पर संस्थेला मानवतोय." त्यांना यात काही विनोद वाटत नव्हता.

टाकी बनवली की ती गळते का हे बघावं लागतं. रीत अशी, की टाकी पाण्याने भरायची. पण पाणी आणायला टँकर लागतो आणि टँकर तर आम्हीच बनवत होतो. म्हणून आम्ही पुस्तकातली दुसरी युक्ती वापरली. सांध्याला बाहेरून खडूचं पाणी लावायचं, वाळलं की आतून रॉकेल फिरवायचं. सांध्यात सुईएवढं छिद्र असलं तरी पांढऱ्या खडूवर काळसर डाग उमटतो. सोपानचे सांधे दुधासारखे पांढरे राहायचे. तो तिकडे बघायचाही नाही. बिडी शोधत बाहेर जायचा.

मग खंडेनवमी आली.

खंडेनवमीला हत्यारांची, यंत्रांची पूजा करतात हे तुम्हाला तुमच्या आईने सांगितलं असेल. दर वर्षी आबासाहेब एकटे पूजा करत आणि बाकीचे हात जोडत. पण त्या वर्षी संस्थेची निवडणूक तोंडावर होती. प्रत्येक संचालक वेगळ्या गावचा. एकाच्या हातून पूजा झाली की फोटो एकाचाच निघणार. म्हणून तोड अशी निघाली की प्रत्येकाने आपापली पूजा करायची, आपापलं साहित्य आणायचं. पूजा सगळी तारेच्या यंत्रावर, कारण ते सरकारी आणि सगळ्यांत चकचकीत. आबासाहेबांनी ओंजळीने कुंकू वाहिलं. धनगरवाड्याचे नाना, मंडळातले सगळ्यांत वयस्क, यांनी खंडोबाचा भंडारा उधळला. एकाने गुलाल आणला होता. एकाने यंत्राच्या कडेवरच नारळ फोडला. शेवटी आबासाहेब पुन्हा पुढे आले आणि म्हणाले, चाकाला तेल नको का? मोटेच्या चाकाला त्यांचे वडील एरंडेल घालत. त्यांनी जिथून तार केबलमध्ये शिरते, बरोबर तिथे, श्रद्धेने एरंडेलाची धार धरली.

सोपान माझ्या शेजारी उभा होता. हळूच म्हणाला, "बाई, ह्ये लई झालं."

मी म्हटलं, "पुसून घे नंतर."

त्याने वरून पुसलंही. वरून यंत्र आरशासारखं झालं. आतलं कुणाला दिसणार?

दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि चारदोन दिवसांत तार अडखळायला लागली. आधी अधूनमधून, मग दर वीतभर सांध्याला. सोपान टोकाची टिप बदलायचा, चाकं घट्ट करायचा. चाकं घट्ट केली की जटा अधिक. खडूवर डाग उमटायला लागले. एक टाकी परत फोडून जोडावी लागली. सोपानचा चेहरा उतरला. मला म्हणाला, "तार गळ्यात आडकतीय बाई. हाताला कळतंय. पर गळ्यात काय हाय ते दिसंना."

मी पुस्तक काढलं. अडखळणाऱ्या तारेचं प्रकरण शेवटून दुसरं होतं. वाचलं, आणि दुसऱ्या दिवशी आबासाहेबांना सांगितलं की केबलच्या आतली नळी बदलावी लागेल. यंत्रासोबत आलेली एक नवी आपल्या कपाटात आहे.

आबासाहेबांनी नेहमीप्रमाणे कळण्याआधी निर्णय घेतलेला होता. "नळी-बिळी काय न्हाई, बाई. हात बिगडला त्येचा. मानसाचं आसंच असतंय. आज चांगला, उद्या न्हाई."

त्यांचा एक भाचा होता, राजू. तालुक्याच्या ठिकाणी वेल्डिंगचा काही महिन्यांचा वर्ग करून आला होता आणि फाट्यावरच्या धाब्यात बसून देशाच्या यंत्रउद्योगाबद्दल बोलायचा. मंडळाची बैठक बोलावली गेली. विषय एकच होता, सोपानला कमी करून राजूला घ्यायचं.

बैठकीच्या दिवशी सकाळी मी शेडवर आले तर कडुनिंबाखाली गोदा बसली होती. शेजारी गाठोडं, त्यावर डेग पालथी घातलेली, आणि एका जुन्या लुगड्यात गुंडाळून दोन कोयते. मी विचारलं, "गोदा, हे काय?"

"मुकादमाचा ट्रक सांच्यापतूर फाट्यावर हाय. ह्ये काल त्याच्याकडं गेलते. त्यो म्हनला, जागा हाय, पर आज सांगा, उद्या न्हाई सांगायचं." ती कडुनिंबाचं एक पान बोटाभोवती गुंडाळत म्हणाली. "मग बांदून ठिवलं. आत काय ठरतंय त्ये ठरू द्या. ठरलं की हिकडं नायतर तिकडं."

"सोपान कुठे आहे?"

"आत. यंत्राला हात लावून बसल्यात. जसं काय म्हसरू आजारी हाय."

मंडळ जमलं. शेडमध्येच खुर्च्या मांडल्या होत्या, कारण मी आग्रह धरला होता की यंत्रासमोरच बोलू. चहा आला. आबासाहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, सोपान चांगला माणूस आहे, पण संस्था भावनेवर चालत नाही.

मी म्हटलं, "आबासाहेब, हात बदलायचाच तर नवा हात आधी बघून घ्यावा. राजूने एक सांधा घालून दाखवावा."

याला कुणी नाही म्हणू शकत नव्हतं. राजू उठला. गॉगल लावला. म्हणाला, "मामा, ह्यात काय न्हाई. करंट कमी ठिवलाय ह्येंनी. वाढवला की तार पळंल." त्याने बटण फिरवलं, गन धरली, खटका दाबला. तार चटचट करत दोन बोटं चालली, थांबली, पुन्हा उसळली आणि टिपला चिकटून बसली. मागे चाकांपाशी सरसर आवाज झाला आणि यंत्राच्या दारातून जटा बाहेर डोकावल्या.

नानांनी बशीतला चहा संपवला. "काय बे राजा, तुज्या बी हातावरनं वारं गेलं का?"

कुणी हसलं नाही. आबासाहेबांसमोर त्यांच्या भाच्याला हसायची पद्धत नव्हती. पण सगळ्यांनी एकदम चहाकडे लक्ष दिलं.

आता माझी वेळ होती. मी पदर खोचला आणि सोपानला म्हटलं, चल. यंत्राचा वीजपुरवठा बंद केला. गॅस बंद केला. सोपानने जटा कापून काढल्या आणि राहिलेली तार मागून ओढून रिळावर गुंडाळली. मग आम्ही ती रबरी केबल शेडभर जमिनीवर सरळ पसरली. जराही वळण असता कामा नये, आजारी माणसाला सरळ निजवतात तशी. पुढची टिप आणि तिचं पितळी टोपण काढलं. यंत्राकडच्या टोकाला एक छोटा नट असतो. तो सोडवायचा पाना भिंतीवर नव्हता, नुसती सावली होती. मी सावलीकडे बघितलं, मग मंडळाकडे बघितलं. एका संचालकांनी ड्रायव्हरला हाक मारली आणि पाना गाडीतून आला.

नट सुटला. मी नळीचं तोंड फडक्यात धरलं आणि हळूहळू ओढायला लागले.

पहिली वीतभर नळी आली ती पिवळीधमक. एरंडेलात कालवलेली हळद, लोखंडाच्या कड्याकड्यांत बसलेली. पुढे लाल. मग पुन्हा पिवळी. मग दोन्ही मिसळून विटकरी, वर तांब्याच्या भुकटीची चमक. मधल्या भागात तर तारेने घासून घासून कडी एका बाजूने पार झिजवली होती. ती भुकटी दळायच्या दगडासारखी काम करत होती. मी नळी खडूने पांढऱ्या केलेल्या पत्र्यावर लांबच लांब ठेवली.

नाना उठून आले, वाकले, बोटावर थोडं घेतलं, वास घेतला.

"ह्यो भंडारा हाय," ते म्हणाले. मग लगेच, "माजा न्हाई. म्या चिमूटभरच टाकला व्हता."

"कुंकू कुनाचं?" कुणीतरी विचारलं.

"तेल वतलं त्येचं काय?" दुसरा म्हणाला, पण तो आबासाहेबांकडे न बघता छताकडे बघून.

प्रत्येकाची पूजा चिमूटभर होती असं निघालं. आबासाहेबांची धारही थेंबभर होती. एवढ्या थेंब-चिमट्यांनी केबल भरली कशी, हे देवालाच माहीत. आणि मग जे व्हायचं तेच झालं. आबासाहेब म्हणाले, "पूजेच्या वक्ताला यंत्र झाकायचं असतंय. फडकं टाकायचं असतंय. त्ये काम कुनाचं? यंत्र चालवनाऱ्याचं. कावून झाकलं न्हाईस रे सोपान?"

सोपान म्हणाला, "झाकलं आसतं तर पूजा कशावर केली आसती, आबा?"

"उलटं बोलतोय," आबासाहेब मंडळाला म्हणाले. मंडळाने माना डोलावल्या. दोष खाली खाली घसरत शेवटी जिथे थांबतो तिथे येऊन थांबला होता. बाहेर फाट्याच्या बाजूने ट्रकचा भोंगा ऐकू आला. सोपानने दाराकडे बघितलं.

पुस्तकात इथवरचं सगळं होतं. पुढचं नव्हतं. पण एवढ्या वर्षांत मी यंत्रापेक्षा मंडळ जास्त वाचलं होतं. मी म्हटलं, "एक गोष्ट मात्र पाहण्यासारखी आहे. दर वर्षी पूजा वरच्या पत्र्यावर होते आणि तिथेच राहते. या वर्षी ती यंत्राच्या पोटात गेली. हे बघा, या टोकापर्यंत. कुणाची किती आत पोचली ते मला बाईमाणसाला काय कळणार. तुम्हीच बघा."

मग आबासाहेब खुर्चीतून उठले. पत्र्यापाशी आले. चष्मा लावला.

"ह्ये टोकाला लाल दिसतंय ते," ते सावकाश म्हणाले, "माजं कुंकू."

"लाल कुटलं? पिवळं हाय," नाना म्हणाले. "भंडाराच हाय त्यो. खंडोबाचा भंडारा कुटंबी पोचतोय."

"तुमी चिमूटभर टाकला व्हता म्हनला न्हवं?"

"चिमूटच. पर भावाची."

गुलालवाले म्हणाले की ती जी मधली छटा आहे ती कुंकवाची असूच शकत नाही. नारळवाल्यांनी असा मुद्दा काढला की नारळाच्या पाण्याशिवाय काहीच इतकं आत वाहिलं नसतं. आबासाहेब म्हणाले, आणि तेल? तेलावाचून सरकतं का काही? मग माझ्या डोळ्यांसमोर मंडळातल्या कर्त्या पुरुषांनी गुडघ्यावर बसून ती नळी बोटाने मोजली. चहा निवून गेला. राजू गॉगल काढून बाजूला उभा राहिला. त्याच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. त्याने तर पूजाच केली नव्हती.

मुलांनो, ज्या गोष्टीचं श्रेय माणसाने स्वतःकडे घेतलं, तिचा दोष त्याला दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. पूजा आतपर्यंत पोचली हे भूषण ठरलं, तेव्हा ती पोचू दिली म्हणून सोपानला काढणार कसं? आबासाहेब हुशार होते. हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. रागाने नाही. एका दुकानदाराने दुसऱ्याकडे बघावं तसं.

"नवी नळी घाला," ते म्हणाले. "सोपानलाच घालू द्या. आन् ही जुनी फेकू नका. काचंच्या पेटीत घालून हापिसात लावू." जरा थांबून म्हणाले, "निवडणुकीपतूर."

मी कमरेची किल्ली काढली आणि कपाटातून नवी नळी आणली. सोपानने केबलमधून दाबाची हवा मारली. दुसऱ्या टोकातून पिवळा ढग निघाला आणि नानांनी सवयीने कपाळाला हात लावला. नवी नळी आत घालताना घाई करायची नसते. थोडी थोडी सरकवायची, अडली तर जराशी पिळायची, जोर लावला तर ती मुडपते. ती पुढच्या टोकातून हातभर बाहेर आली. नव्या नळ्या लांबच देतात. गनच्या मापाला कापायच्या असतात. मी पक्कड घेतली तर आबासाहेब पुन्हा खुर्चीतून अर्धे उठले.

"नवाकोरा माल कापता? ठराव नको का?"

सोपान खाली बसल्या बसल्या म्हणाला, "आबा, धोतार बी ताग्यातनं फाडूनच घेत्यात की. अख्खा तागा कोन नेसतंय?"

या वेळी मात्र सगळे हसले, आबासाहेबसुद्धा. मी नळी पुस्तकात दिल्याप्रमाणे टिपच्या बुडाला टेकेल इतकी ठेवून कापली. कापलेल्या तोंडाला धार राहते, ती तार खरवडते. म्हणून सोपानने बारीक कानशीने तोंड घासून गोल केलं. टिप बसवली, तार भरली, चाकांचा दाब कमी केला. इतके दिवस आम्ही तो उगीच वाढवत होतो.

सोपानने मुखवटा खाली ओढला आणि खटका दाबला. निरोगी तारेचा आवाज एकसारखा असतो, सुपात बाजरी पाखडताना येतो तसा. तो आवाज टाकीच्या या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत न थांबता गेला. खडू लावला, वाळू दिला, रॉकेल फिरवलं. मंडळाने दुसरा चहा मागवला. खडू पांढराच राहिला. सोपान मात्र या वेळी बिडीला गेला नाही. शेवटपर्यंत तिथेच, खडूकडे बघत उभा होता.

मग तो बाहेर गेला. मी खिडकीतून पाहत होते. गोदा उठली नाही.

"सोड गाठोडं," तो म्हणाला.

"नक्की का? परत बांदाया लावलंत तर म्या न्हाई बांदायची."

"सोड म्हनतोय न्हवं."

तिने आधी कोयते बाजूला काढले. मग डेग. गाठ सोडायला तिला वेळ लागला. फार घट्ट मारली होती. ट्रक फाट्यावरून निघाला तो आमच्या समोरच्या रस्त्याने गेला. त्यात वस्तीतली सगळी माणसं होती, म्हाताऱ्या, तान्ही पोरं, दोन शेळ्या, सोपानचे भाऊ आणि भावजया. त्यांनी हात केले, गोदानेही केला. नंतर ती ट्रक दिसेनासा होईपर्यंत तशीच उभी होती. आम्ही त्या दिवशी फार खूश होतो, सोपान, मी, अगदी मंडळसुद्धा. पण खरं सांगायचं तर एक नळी बदलून एकच घर थांबलं होतं. बाकीची सगळी वस्ती रस्त्याला लागली होती, आणि त्यांच्यासाठी कोणत्या पुस्तकात काही लिहिलं असेल असं मला वाटलंही नाही.

टाक्या वेळेवर गेल्या. पुढे त्यांत भरायला पाणी कुठून आणायचं यावर अनेक बैठका झाल्या, पण तो आमच्या संस्थेचा विषय नव्हता. आबासाहेब निवडून आले. राजूला त्यांनी दुसऱ्या एका संस्थेत लावलं, जिथे यंत्र नव्हतं, त्यामुळे त्याचं नीट चाललं. काचेची पेटी निकालानंतर आठवडाभर राहिली. मग कुणातरी पाहुण्यांचा मोठा फोटो आला, त्याला काच हवी होती. नळी कपाटामागे पडून राहिली.

एक दिवस दुपारी गोदा माझ्या खोलीच्या दारात उभी राहिली. ती शेडवर सहसा येत नसे.

"बाई, ती जुनी नळी कुनाला लागती का?"

"नाही. तुला कशाला?"

"दाराला पडदा लावीन म्हनते. दोन खिळं मारलं की तानून बसंल." मग जरा थांबून म्हणाली, "वस्तीतल्या समद्या दारांना कुलपं हायती. वारा आन् धुरळा सरळ माज्याच घरात शिरतोय. आन् रातीचं दार उघडं दिसलं की आपलं येकटीचंच घर वाटतंय. पडदा आसला म्हंजी बरं."

संस्थेतून एक खिळा विनानोंद जाऊ न देणारी मी, कपाटामागे हात घालून नळी काढली. तिच्यावर धूळ बसली होती, पण कड्यांमध्ये रंग तसाच होता. मी फडकं घेतलं. "थांब, रॉकेलने पुसून देते. हाताला लागेल."

"नगा पुसू. हळद हाय. दाराला चालती."

तिने नळी मनगटाभोवती दोनतीन वेढे देऊन गुंडाळली आणि कुलपांच्या रांगेतून आपल्या उघड्या दाराकडे निघून गेली.